बनावट स्विचचं ‘द्या, द्या’

देवळीच्या एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याच्या ऑफिसात डोकावा. टॅलीचा संगणक, वजनकाट्याचा संगणक, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, आल्यागेल्याला दिलेलं वायफाय, सगळं बहुधा एकाच राउटरवर. विचारलं तर मालक म्हणणार, “अँटिव्हायरस आहे ना!”

पण चोर मोठ्या बँकेतही शिरतात. पुण्याची कॉसमॉस बँक तर १९०६ सालची, सहकारातली मोठी. ११ ऑगस्ट २०१८, दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा बँकेच्या ‘स्विच’कडे जाते; स्विच मुख्य प्रणालीत शिल्लक तपासतो आणि मग ‘द्या’ म्हणतो. चोरांनी मालवेअर घुसवून मधेच एक बनावट स्विच उभा केला. विचारणा मुख्य प्रणालीपर्यंत पोचेचना, वाटेतूनच ‘द्या, द्या’ असं उत्तर जाऊ लागलं. क्लोन केलेली कार्डं घेऊन २८ देशांत माणसं एटीएमपुढे तयारच होती. काही तासांत सुमारे ८० कोटी रुपये गेले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यामार्गे आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात. खातेदारांची शिल्लक मात्र जागच्या जागी, कारण तिथं कुणी विचारलंच नव्हतं! भुर्दंड बँकेला.

अँटिव्हायरस मुख्यतः ओळखीच्या मालवेअरच्या खुणा शोधतो. खुणा बदलल्या की हुकतो. म्हणून हल्ली वागणुकीवरही नजर ठेवतात. मध्यरात्री टॅलीचा संगणक भराभर शेकडो फायली बदलू लागला, तर प्रोग्राम कुठला ते नंतर बघू, आधी त्याला नेटवर्कमधून तोडा.

अशी नजर ठेवणारी यंत्रणा महाग पडते. माझ्या मते छोट्या उद्योगानं आधी जाळ्याचे भाग पाडावेत: कॅमेरे एका व्हीलॅनवर (म्हणजे आभासी वेगळ्या जाळ्यावर), हिशेब दुसऱ्यावर, मधे फायरवॉल. डीव्हीआरचा पासवर्ड बरेचदा खोक्यातून निघाला तोच असतो. तिथून शिरलेल्याला टॅलीपर्यंतची वाट सरळ मिळू नये. बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवायची. जोडलेलीच राहिली तर खंडणीसाठी फायली अडकवणारं रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतं.

अपडेटचा कंटाळा तर सार्वत्रिक. वॉनाक्राय या रॅन्समवेअरनं १२ मे २०१७ ला जगभर धुमाकूळ घातला. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार असा हल्ला कळल्यापासून ६ तासांत कळवावा लागतो आणि लॉग, म्हणजे यंत्रणेतल्या हालचालींच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. छोट्या ऑफिसातल्या साध्या राउटरमध्ये मात्र वीज गेली की लॉग बरेचदा पुसले जातात. ते दुसऱ्या संगणकावर साठवायची सोय नेटवर्क जोडणाऱ्याकडून आधीच करून घ्यावी.