राणी दिसायला कशा होत्या?



काशीला गेलात तर पंचगंगा घाटाला लागूनच बालाजी घाट आहे. उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी इथल्याच बालाजीच्या देवळात वर्षानुवर्षे सनईचा रियाज केला. जवळच भोसले घाट आहे, शिंदे घाट आहे. गंगेचा हा काठ मराठी माणसाला परका वाटत नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दुसऱ्या बाजीरावांचे भाऊ चिमाजी अप्पा काशीला येऊन राहिले. त्यांच्या पदरी मोरोपंत तांबे होते. मोरोपंतांची मुलगी मनकर्णिका याच काशीत जन्मली. तीच पुढे झाशीची राणी लक्ष्मीबाई.

आजचा आपला विषय आहे नेत्याचं रूप आणि त्याच्याबद्दलचं आपलं मत. राणी लढल्या कशा, हे आपल्याला शाळेत शिकवलं. पण राणींना ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं, त्यांनी नेमकं काय पाहिलं?

पहिला साक्षीदार जॉन लँग. हे वकील. झाशीचं राज्य कंपनीने खालसा केलं, त्याविरुद्ध दाद मागायची म्हणून राणींनी १८५४ मध्ये त्यांना बोलावून घेतलं. मधे पडदा होता. दत्तक मुलाने तो बाजूला ओढला आणि लँग यांना राणी क्षणभर दिसल्या. पुढे त्यांनी या भेटीवर लिहिलं. त्यात राणींचे डोळे आहेत, नाक आहे, वर्ण आहे, तलम वस्त्रातून जाणवणारा बांधा आहे. आवाज मात्र त्यांना आवडला नाही. बाई आपल्या राज्याचा खटला मांडत होत्या आणि वकीलसाहेब मनात त्यांना गुण देत होते.

दुसरे साक्षीदार आपले विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचे भिक्षुक. दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि नेमके बंडात सापडले. त्यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही राणींच्या पेहरावाचं वर्णन येतं. कधी पायजमा, कमरेला तलवार, तर कधी बायकी वेश. पण गोडसे तिथे थांबत नाहीत. सकाळचा व्यायाम, दरबार, न्यायनिवाडा, थंडीत कुडकुडणाऱ्या गरिबांना कपडे शिवून देण्याचा हुकूम, वेढ्यातली धावपळ, हे सगळं ते सांगतात. लँग वाचून झाल्यावर एक बाई डोळ्यांसमोर राहते, गोडसे वाचल्यावर एक राज्यकर्ती.

हा फरक नुसता लेखणीचा नाही. मानसशास्त्रात याचा बराच अभ्यास झाला आहे. एक गुण दिसला की बाकीचे गुणही असतीलच, असं आपण धरून चालतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये याला ‘हेलो इफेक्ट’ म्हटलं. आपण त्याला वलय म्हणू. देखणा माणूस आपल्याला हुशार वाटतो, भला वाटतो. मग देखण्या नेत्याचा फायदाच व्हायला हवा, नाही का?

पुरुषाचा होतो. बाईचं तसं नाही. मॅडलिन हेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवलं, की कारकुनी कामासाठी देखणेपण बाईच्या फायद्याचं ठरतं, पण व्यवस्थापकाच्या जागेसाठी तेच आड येतं. कारण ‘सुंदर’ म्हटलं की ‘नाजूक’ हा शब्द पाठोपाठ येतो, आणि नाजूक हातात सत्ता द्यायला मन धजत नाही. पुढे २००९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही जणांना सारा पेलिन या महिला नेत्याबद्दल लिहायला सांगितलं आणि काहींना फक्त त्यांच्या दिसण्याबद्दल. ज्यांनी दिसण्याबद्दल लिहिलं, त्यांनी पेलिन यांच्या कर्तबगारीला कमी गुण दिले. लक्षात घ्या, त्यांना निंदा करायला कुणी सांगितलं नव्हतं. नुसती नजर तिकडे वळवली, तेवढं पुरलं.

राणींच्या बाबतीत पुढे काय झालं ते आता नीट समजेल. त्यांच्याशी प्रत्यक्ष लढलेला सेनापती ह्यू रोज. त्यानेही त्यांच्या रूपाचा उल्लेख केला, पण बंडवाल्यांच्या पुढाऱ्यांत त्यांना सर्वांत शूरही ठरवलं. रोजच्याच फौजेतल्या डॉक्टर थॉमस लो यांनी मात्र त्यांना बायबलमधल्या बदनाम राणी जेझेबेलची उपमा दिली. नंतरच्या इंग्रजी कादंबऱ्यांनी त्यांच्याभोवती प्रेमप्रकरणं रचली. बाई राज्य करते, घोड्यावर बसते, हुकूम सोडते, म्हणजे तिच्या चारित्र्यात काहीतरी असणारच, हा जुनाच हिशेब. २००७ मध्ये जयश्री मिश्रा यांची ‘रानी’ ही कादंबरी आली. तिच्यात राणी आणि एक इंग्रज अधिकारी यांच्यातली ओढ रंगवली होती. २००८ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने तिच्यावर बंदी घातली. वाद कशावर झाला? राणींच्या पावित्र्यावर. बदनामी करणारे आणि बचाव करणारे, दोघेही एकाच प्रश्नावर भांडत राहिले. १८५७ मध्ये ओरछाची फौज चालून आली तेव्हा राणींनी झाशी कशी राखली, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही.

हे जुनं झालं असं म्हणू नका. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. गावच्या सरपंच बाईंचा फोटो तुमच्या मोबाईलवर येतो. खाली कुणी लिहितं, ‘ताई काय छान दिसताय!’ लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण पाणीयोजनेचं काय झालं, हे त्यांना कुणी विचारत नाही, आणि विचारलं नाही की ताईंनी केलेलं काम दिसत नाही, न केलेलंही दिसत नाही. तोटा एकट्या ताईंचा नाही, गावाचाही आहे.

रूप डोळ्यांना दिसणारच, त्यात पाप नाही. पण कुठल्याही नेत्याबद्दल, विशेषतः बाईबद्दल, बोलायची वेळ आली की पहिलं वाक्य कामाचं असू द्या. ‘त्यांनी काय केलं?’ याचं उत्तर आपल्याकडे नसेल, तर आधी ते शोधूया. दिसण्याबद्दलचं मत तोवर आपल्यापाशीच ठेवूया.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.