मॅगझिनची स्प्रिंग
पिस्तुलाचं मॅगझिन साफ करायला उघडलं की सर्वात आगाऊ भाग म्हणजे स्प्रिंग. तळाची पट्टी सरकताच ती उसळी मारते, थेट डोळ्यांकडे! म्हणून अंगठ्याचा दाब कायम आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. काडतुसं तर त्या खोलीतही नकोत. जोडताना स्प्रिंग उलटी गेली, तर काडतूस नीट वर येत नाही.

अमेरिकेतल्या सनीव्हेल शहरात मॅगझिनवर कायद्याचाही धाक आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये मतदारांनी ‘मेझर सी’ हा प्रस्ताव मंजूर केला: सामान्यांना १० पेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझिन बाळगायला बंदी, अंगावर नसलेलं पिस्तूल घरातही कुलपात, चोरीची खबर ४८ तासांत. मॅगझिनबंदीला स्थगिती देण्याची मागणी २०१५ मध्ये अपील न्यायालयानेही फेटाळली.