‘माझा बाप्तिस्मा झाला आहे’

सहा जानेवारीस प्रकटीकरणाचा सण झाला, की पुढच्या रविवारी अनेक ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांत येशूच्या यार्देन नदीतील बाप्तिस्म्याचे स्मरण केले जाते. जलस्नानाने पावन होण्याची कल्पना आपणांस परकी नाही. परंतु ल्यूथरपंथीय भाविकास या जलविधीत जो आधार लाभतो, त्याचे मर्म काही निराळे आहे. त्याचाच विचार आम्ही येथे योजिला आहे.

जर्मनीतील आइस्लेबेन या गावी १० नोव्हेंबर १४८३ रोजी मार्टिन ल्यूथरचा जन्म झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे १५०५ मध्ये एर्फुर्टच्या मठात प्रवेश करून त्याने उपवास, जागरणे व पापांची कबुली यांत देह झिजविला. तरीही शंका पाठ सोडीना. सारी पापे कबूल झाली काय? पश्चात्ताप पुरेसा खरा आहे काय? अंतःकरण जितके ढवळावे, तितका गाळच वर येई.

ही व्यथा कोणत्या साधकास ठाऊक नाही? ल्यूथरला तिचे उत्तर गवसले ते अंतःकरणाबाहेर. १५२९ साली लिहिलेल्या दोन प्रश्नोत्तरींत त्याने प्रतिपादिले, की बाप्तिस्म्याचे पाणी केवळ पाणी नव्हे. देवाची आज्ञा व वचन त्याशी निगडित आहे. श्रद्धा बाप्तिस्म्यास सिद्ध करीत नाही, ती त्याचा स्वीकार करते. म्हणूनच तान्ह्या बालकासही तो दिला जातो. मन ग्रासले असता भाविकाने ‘माझी श्रद्धा दृढ आहे’ असे न म्हणता ‘माझा बाप्तिस्मा झाला आहे’ असे म्हणावे. कारण श्रद्धा डळमळते, दिलेले वचन डळमळत नाही. वानरीचे पिल्लू आईस आपण होऊन बिलगते, मांजरीच्या पिल्लास मात्र आईच उचलून नेते, हा आपल्या वैष्णव आचार्यांचा दृष्टांत येथे सहजच आठवतो.

मग मनुष्याने स्वैर वागावे काय? मुळीच नव्हे. आपल्यातील जुना, पापी मनुष्य नित्य पश्चात्तापाने बुडून मरावा आणि नवा मनुष्य उदयास यावा, असे ल्यूथर बजावतो. बाप्तिस्मा एकदाच होतो. त्याकडे परतणे मात्र रोजचे. भक्त नौकेतून पडला तरी नौका भंगत नाही. त्याने पोहत पुन्हा तिच्यापाशी यावे.

१८ फेब्रुवारी १५४६ रोजी ल्यूथरने त्याच आइस्लेबेन गावी देह ठेवला. अंतकाळी मनुष्याजवळ पुण्याचा हिशेब मांडण्याइतके बळ उरत नाही. अशा वेळी, आपण काहीच जाणत नव्हतो तेव्हाही ईश्वराने आपणांस आपले म्हटले होते, हा विश्वास केवढा दिलासा देत असेल!