सुपारीचे सूर, मानाचे पान

सुपारी घेऊन लग्नात वाजवितो तो वाजंत्री आणि मैफलीत वाजवितो तो कलावंत, अशी विभागणी आपण मनाशी पक्की करून ठेवली आहे. ती कितपत खरी, हे तपासावयाचे तर स्कॉटलंडमधील बॅगपाइपवादकांचे उदाहरण उद्बोधक ठरेल.

हे वाद्य आपणांस अगदीच अपरिचित नाही. दिल्लीच्या विजय चौकात २९ जानेवारीस होणाऱ्या 'बीटिंग रिट्रीट'मध्ये लष्करी पथके ते वाजवितात. काखेत धरलेली पिशवी, तीत हवा भरण्याची नळी, बोटांनी सूर काढण्याची सनईसारखी नळी आणि खांद्यावर टेकलेल्या तीन नळ्या, अशी त्याची रचना. सनईवाल्याशेजारी अखंड सूर धरणारा साथीदार बसतो. येथे तो साथीदार या तीन नळ्यांच्या रूपाने वाद्यातच असतो. मुख्य नळीचे स्वर अवघे नऊ. आवाज लहानमोठा करता येत नाही आणि धून चालू असता क्षणभरही थांबता येत नाही. एकच स्वर लागोपाठ दोनदा घ्यावयाचा तर मध्ये दुसऱ्या स्वराचा निसटता कण पेरावा लागतो. थंडीने वा दमट हवेने पत्ती बिघडली की सारेच बेसूर होते.

एके काळी स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात हे वादक कुळप्रमुखांच्या पदरी वंशपरंपरेने असत. स्काय बेटावरील मॅक्लाउड घराण्याच्या पदरचे मॅक्रिमन वादक त्यांत विख्यात होते. १७४६ मध्ये जॅकोबाइट बंड मोडले तेव्हा जेम्स रीड या वादकास यॉर्क येथे फाशी देण्यात आले. आपण शस्त्र उचलले नाही, केवळ वाद्य वाजविले, हा बचाव न्यायालयाने मानला नाही. पुढे कुळप्रमुखांची सत्ता गेली आणि तिच्याबरोबर वादकांचा आश्रयही गेला. लष्कराने हे वाद्य जगविले. आज अनेक वादकांना लग्ने, अंत्यविधी आणि उपाहारगृहे हात देतात.

यात कलेची अवनती झाली, असे म्हणणे सोपे आहे. वस्तुतः घडले ते उलट. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीत वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांच्या वादकाने निरोपाची धून वाजविली. तसाच निरोप आज एखादा शिक्षक किंवा कारकून आपल्या वडिलांना बिदागी देऊन देऊ शकतो. जो मान केवळ सरदाराचा होता, तो सुपारीमुळेच सामान्याच्या दारी आला.

आणि हे काम हलके नाही. दफनभूमीत वादक पावसात ताटकळत उभा राहतो आणि अखेर वाजवितो ती काही मिनिटेच. बिदागी त्या मिनिटांची नसते. ती त्यामागील वर्षांच्या रियाजाची असते. भोवतालचे सारे रडत असता श्वास ढळू न देणे, ही साधनाच होय.

याच वाद्याची आपल्या देशातील कथा मात्र अंतर्मुख करणारी आहे. इंग्रजी अमदानीत लष्करातील गढवाली-कुमाऊनी सैनिकांबरोबर ते डोंगरात पोहोचले आणि 'मशकबीन' या नावाने ढोल-दमाऊच्या जोडीस लग्नांत रुजले. वाजविणारे बहुतेक दलित समाजातील. ज्यांच्या सुरांवाचून वरात निघत नसे, त्यांना पंगतीत मात्र स्थान नसे. आपल्याकडे सनई, संबळ, हलगी वाजविणाऱ्यांच्या वाट्याला तरी निराळे काय आले? मंगलवाद्य मंगल, वाजविणारा मात्र मांडवाबाहेर!

रॉबर्ट बर्न्स या कवीच्या जन्मदिनी, २५ जानेवारीस, स्कॉटलंडमध्ये मेजवानी असते. 'हॅगिस' हा मेंढीच्या मांसाचा पदार्थ बॅगपाइपच्या सुरांत मेजापर्यंत आणला जातो. मग यजमान वादकाच्या हाती व्हिस्कीचा पेला देतो. त्या घोटाची किंमत ती काय? पण तो सर्वांदेखत दिला जातो, हे महत्त्वाचे.

आपल्या वाजंत्र्यांना कोरडी सहानुभूती नको आहे. बिदागी आधी ठरावी, ती निघण्यापूर्वी हाती पडावी, आणि पंगत बसताना त्यांचेही पान मांडले जावे. एवढे झाले तरी मांडवातील सूर खऱ्या अर्थाने मंगल होतील.