रंग राखून मळ कसा काढावा?

उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. पोलादपूर तालुक्यातल्या या डोंगरी भागात रेल्वे पोहोचलेली नाही. कोकण रेल्वे महाडच्या पश्चिमेकडून, वीर-करंजाडीवरून जाते. पण चाकरमान्यांनी मुंबईहून आणलेली पत्र्याची, किल्लीची आगगाडी इथल्या एखाद्या घराच्या माळ्यावर सापडू शकते. अशा गाड्या जपण्याजोग्या असतात, हे पुण्यात कोथरूडला १९९८ साली सुरू झालेल्या जोशी यांच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयाने दाखवून दिले आहे. मात्र गाडी सापडली की ती घासून लख्ख करण्याचा मोह होतो आणि नेमका तिथेच रंग जातो. गेलेला मूळ रंग परत येत नाही. म्हणून आधी रंगाचा स्वभाव समजून घेऊ.

रंगाचा थर

रंगात रंगद्रव्याचे बारीक कण असतात आणि त्यांना धरून ठेवणारा बंधक असतो. तैलरंगातला बंधक हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो व त्याच्या रेणूंचे जाळे तयार होते. हे जाळे पाण्यात विरघळत नाही, पण अल्कलीने तुटते. तेलापासून साबण होतो तीच ही अभिक्रिया! लॅकरमध्ये असे जाळे नसतेच. म्हणून ते कितीही जुने असले तरी थिनरचा बोळा लागताच विरघळते. पत्र्याच्या खेळण्यांवरची चित्रे तर बहुधा छापलेली असतात. त्या शाईचा थर केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी पातळ असतो.

आता आपली भांडी घासण्याची सवय आठवा. राखेचे कण घासतात, शिवाय राखेत पोटॅशियम कार्बोनेट हे अल्कधर्मी द्रव्य असते. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो. चिंच-लिंबातले आम्ल उघड्या पत्र्याला खाते. पितळेच्या तांब्याला जे मानवते ते या गाडीला मानवणार नाही.

ओरखडा का महाग पडतो?

खेळण्याचा पत्रा लोखंडाचा असतो व त्यावर कथिलाचा पातळ मुलामा असतो. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील असल्यामुळे जस्ताच्या पत्र्यावर ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजते. कथिल लोखंडापेक्षा कमी क्रियाशील. त्यामुळे ओरखड्याच्या जागी लोखंडच झपाट्याने गंजते. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो वरच्या रंगाचा पोपडा उचलतो. सापेक्ष आर्द्रता ६०-७० टक्क्यांपलीकडे गेली की हा वेग फार वाढतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या पोलादपूरकडे हे काम माघ-फाल्गुनात करावे, ते यासाठीच.

करून पाहा

गाडीला हात लावण्यापूर्वी छापील चित्राचा एखादा टाकाऊ डबा घ्या. पाच बोळे करा: स्वच्छ पाणी, सौम्य द्रवसाबणाचे पाणी, सोड्याचे द्रावण, स्पिरिट व थिनर. स्पिरिट आणि थिनर शिक्षकांनीच हाताळावे. खिडक्या उघड्या असाव्यात, जवळ ज्योत नसावी. प्रत्येक बोळा सारख्याच दाबाने वीस वेळा फिरवा. कोणत्या बोळ्याला मळ लागला व कोणत्याला रंग, याची नोंद करा.

गाडीसाठी क्रम सौम्याकडून तीव्राकडे असावा. प्रथम मऊ कुंचल्याने धूळ झाडावी. मग काडीला कापूस गुंडाळून, तो जेमतेम ओला करून गाडीच्या तळाशी, न दिसणाऱ्या जागी चाचणी घ्यावी. कापूस घासू नये, लाटण्यासारखा फिरवावा. त्यावर रंगाची छटा दिसताच थांबावे. पाण्याने मळ सुटला नाही तर अर्ध्या लिटर पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब घालावेत व नंतर साध्या ओल्या कापसाने साबण टिपून घ्यावा. संग्रहालयांतले तज्ज्ञ कधीकधी चक्क थुंकी वापरतात. तिच्यातली विकरे मळ सैल करतात. किल्लीच्या यंत्रात पाणी जाऊ देऊ नये. शेवटी गाडी सावलीत पूर्ण वाळवून सिलिका जेलसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी.

एक सावधगिरी हवी. जुन्या रंगात शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्षात ९० भाग ही मर्यादा घालणारे नियम २०१६ सालचे आहेत. म्हणून रंगाला पॉलिश पेपर लावू नये, काम झाल्यावर हात धुवावेत आणि लहान मुलांना ही गाडी खेळायला देऊ नये.

एवढे करूनही काही डाग राहतील. ते राहू द्यावेत. डाग पुढेही काढता येईल. रंग पुन्हा आणता येणार नाही.