दोन रोबो-हात, एक काच
एकच वस्तू दोन रोबो-हातांनी उचलायची, तर प्रत्येक हाताला मार्ग अचूक आखून दिला की झालं, असं अनेकांना वाटतं. खरी अडचण बलाची आहे.

दोघं जण जिन्यावरून कपाट उतरवतात, तेव्हा खालचा अडखळला की वरच्याच्या हाताला ते लगेच जाणवतं आणि तो थबकतो. रोबो-हात मुळात ताठ. तो आखल्या मार्गावरच जाणार. समजा, दोन पकडींमधलं अंतर १ मिलिमीटरनं बदलायला ५०० न्यूटन बल लागतं. मार्गात तेवढीच चूक झाली, तरी मधल्या काचेवर सुमारे ५० किलो वजनाइतका दाब येतो. काच जागची हलत नाही, थेट तडकते. हे अंतर्गत बल (वस्तू न हलवता तिला नुसतं दाबणारं किंवा ताणणारं बल). ते शून्य करूनही भागत नाही, कारण दोन बाजूंनी दाबून धरलेलं खोकं मग निसटेल.

म्हणून मनगटात बल-संवेदक (रेटा मोजणारं साधन) बसवतात. एमआयटीच्या नेव्हिल होगन यांनी १९८५ मध्ये मांडलेलं प्रतिबाध नियंत्रण (रेटा वाढला की हातानं किती नमतं घ्यायचं, हे ठरवणारी पद्धत) इथे फार उपयोगी पडतं.