जर्मनच्या पातेल्यातला कागद

सास्तूरला आम्ही पहिला लगदा शिजवला तो आईच्या जर्मनच्या पातेल्यात, आणि तिथंच चुकलो. रसवंतीवरून दोन पोती चिपाडं फुकट आणली होती. गुरांसाठी नेतोय, असा तिथल्या मालकाचा समज. बारीक तुकडे केले, धुण्याचा सोडा टाकला आणि पातेलं चुलीवर चढवलं. शेजारच्या काकू डोकावल्या. "काय शिजवायलास रे?" म्हटलं, "कागद." "मग मीठ घातलास का?"

मीठ नव्हतं, पण सोडा ॲल्युमिनियम खातो हे शाळेत शिकून विसरलो होतो. तासाभरात पाणी चहासारखं तांबडं झालं आणि पातेलं आतून काळंठिक्कर.

त्या लगद्याचा कागद लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून काढला. जाळीतून पाणी उतरता उतरेना. उन्हात वाळल्यावर हात लावला तर पापडासारखा कडकन तुटला.

चूक भेंडाची होती. चिपाडात बाहेरून धागा असतो आणि आत भेंड, म्हणजे लहानपणी ज्वारीच्या धाटातून काढून आपण बैलगाड्या करायचो तसला मऊ गर. कागद धरून ठेवतो तो धागा. भेंड नुसता सोडा पितो, पाणी धरून बसतो आणि जाळी बुजवतो. बगॅसमध्ये, म्हणजे कारखान्यात उरणाऱ्या उसाच्या चिपाडात, तो जवळपास तिसरा हिस्सा असतो. म्हणून मोठ्या कागद गिरण्या शिजवण्याआधी यंत्रानं भेंड झाडून काढतात. आम्ही वाळलेली चिपाडं मोगरीनं बडवली आणि वाळूच्या चाळणीवर चाळली. खाली पांढऱ्या भुशाचा ढीग पडला, दिवसभर शिंका.

गिरण्या कॉस्टिक सोड्यात, दाबाखाली, १६० अंशांच्या वर शिजवतात. मागे उरतं काळं पाणी. त्यातून सोडा परत मिळवता येतो, पण उसातली सिलिका यंत्रांत थर धरते आणि लहान गिरणीला तो खर्च झेपत नाही. म्हणून तर अल्कोहोल, फॉर्मिक आम्ल असले पर्याय शोधले गेले. आमच्याकडे होता चुना. आणि धिंगरी.

धिंगरी अळिंबी लाकडातलं लिग्निन खाते, म्हणजे धाग्याला धागा चिकटवणारा डिंकच. पिशव्या चिपाडानं भरल्या, त्यांत अळिंबी वाढवून खाल्ली, उरलेलं पांढरं चिपाड बोटांनी सुटायला लागलं. लोखंडी कढईत, चुन्याच्या पाण्यात त्याला पहिल्यापेक्षा बराच कमी वेळ लागला. पिशव्या जास्त दिवस ठेवल्या तर मात्र बुरशी धाग्यावरही ताव मारते. एक पिशवी आम्ही तशीच घालवली.

मग हाव सुटली. ट्रकभर बगॅस मागायला एका साखर कारखान्यात गेलो. तिथला माणूस हसला. १०० किलो उसामागे २८-३० किलो बगॅस निघतो, निम्मं पाणीच. पण तो बॉयलरमध्ये जातो आणि त्यावर वीज विकली जाते. टाकाऊ म्हणतो ते आपण, कारखाना नाही. तमिळनाडूत १९८० च्या दशकात बगॅसपासून वर्तमानपत्राचा कागद करणारी सरकारी गिरणी उभी राहिली, तेव्हा तिलाही साखर कारखान्यांशी बगॅसच्या बदल्यात इंधनाचा सौदा करावा लागला होता. आमच्याकडे बदल्यात द्यायला काय, धिंगरी?

रसवंती आहे तोवर चालवायचं ठरवलं. शेवटचा कागद चहाच्या रंगाचा, जरा खरबरीत निघाला. शाई पसरू नये म्हणून तांदळाच्या पेजेत बुडवून वाळवला. आईनं त्यावर उमरग्याच्या बाजाराची यादी लिहिली. पहिलीच ओळ: पातेलं, स्टीलचं.